जुन्या सर्व्हरवर सीडी-डीव्हीडीवरून ओएस चढत नाही? अडलं त्या क्षणी डिस्क कोण वाचत होतं ते आधी बघा

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंतच्या गाळ्यांमध्ये पंधरा-वीस वर्षांचे सर्व्हर अजून रोज चालतात. डेलचे पॉवरएज २९५० आणि आर७१०, एचपीचे प्रोलायंट डीएल३८० जी५, जी६, जी७ ही त्यातली नेहमीची मंडळी. एखाद्या मशीनचं किंवा चाचणी उपकरणाचं सॉफ्टवेअर जुन्याच विंडोजवर चालतं, म्हणून ते टिकून आहेत. हार्ड डिस्क गेली, रेड (अनेक हार्ड डिस्क जोडून केलेली एकत्र रचना) नव्याने बांधली, की ओएस (ऑपरेटिंग सिस्टम) परत टाकायची वेळ येते आणि तिथे तीच जुनी डोकेदुखी सुरू होते. ड्राइव्ह डिस्क उचलत नाही, किंवा उचलते आणि अर्ध्यात सोडते. मग दुसरी डीव्हीडी राइट होते, मग तिसरी. डिस्कचा ढीग वाढत जातो आणि पुष्कळदा बिघाड डिस्कमध्ये नसतोच.

कमांड आणि स्क्रीनवरचे संदेश इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं.

एक डिस्क, दोन वाचक

डिस्कवरून इन्स्टॉल होताना तिला दोन वेगवेगळे वाचक वाचतात. पहिला वाचक बायोस, म्हणजे सर्व्हर सुरू करणारं बोर्डावरचं छोटं सॉफ्टवेअर. डिस्कच्या सुरुवातीला एल टोरिटो पद्धतीची बूट नोंद असते (ही पद्धत १९९५ सालची). ती बघून बायोस बूट लोडर उचलतो आणि पुढच्या काही फाइल मेमरीत भरतो. इथे कोणताही ड्रायव्हर (उपकरण चालवणारं ओएसचं सॉफ्टवेअर) लागत नाही, बायोसचं स्वतःचं वाचन पुरतं.

मग ओएसचा कर्नल, म्हणजे मूळ गाभा, सुरू होतो आणि बायोस बाजूला होतो. आता तीच डिस्क कर्नलला स्वतःच्या ड्रायव्हरने नव्याने शोधावी लागते. तो ड्रायव्हर नसला, किंवा त्याचं आणि ड्राइव्ह ज्याला जोडली आहे त्या कंट्रोलरचं जमलं नाही, तर आत्ता ज्या डिस्कवरून बूट झालं तीच डिस्क 'सापडत नाही' असा संदेश येतो. बघणारा चक्रावतो. पण यात विरोधाभास नाही, हात बदलला आहे इतकंच.

हात कुठे बदलतो हे प्रत्येक ओएसमध्ये ठरलेलं आहे. विंडोज सर्व्हर २००८ आणि २००८ आर२ मध्ये 'विंडोज इज लोडिंग फाइल्स' ही पांढरी पट्टी भरेपर्यंत बायोस वाचतो. तोवर दीडशे-दोनशे एमबीची बूट इमेज रॅममध्ये आलेली असते. आर२ मध्ये खिडक्यांचा रंगीत लोगो किंवा २००८ मध्ये सरकती हिरवी पट्टी दिसली की पुढचं सगळं विंडोजच्या ड्रायव्हरवर. सर्व्हर २००३ मध्ये निळ्या स्क्रीनवर तळाशी 'सेटअप इज स्टार्टिंग विंडोज' आलं की हात बदलला. लिनक्समध्ये कर्नल आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरची फाइल) या दोन फाइल भरेपर्यंत बायोस, आणि पांढऱ्या ओळी धावू लागल्या की कर्नल.

म्हणून सर्व्हर अडला की पहिलं काम एकच: मोबाइलवर त्या स्क्रीनचा फोटो काढा आणि अडलं ते हात बदलण्याच्या या रेषेच्या अलीकडे की पलीकडे ते ठरवा. अलीकडे अडलं तर ड्राइव्ह, डिस्क किंवा बायोसची सेटिंग. पलीकडे अडलं तर बहुधा ड्रायव्हर, रॅम किंवा रेड कार्ड. हे न ठरवता नवी डिस्क राइट करायला बसू नये, असं आमचं ठाम मत आहे.

रेषेच्या अलीकडे: बूटच होत नाही

आधी ड्राइव्हच्या तोंडावरचं चिन्ह वाचा. साधी गोष्ट आहे, पण सगळ्यांत जास्त वेळ इथेच वाया जातो. जुन्या सर्व्हरबरोबर बऱ्याचदा फक्त सीडी वाचणारी २४ एक्स ड्राइव्ह येत असे. तिच्यावर 'कॉम्पॅक्ट डिस्क' इतकंच छापलेलं असतं, 'डीव्हीडी' नसतं. अशा ड्राइव्हमध्ये डीव्हीडी घातली तर ती दोन-तीनदा फिरून थांबते आणि सर्व्हर सरळ हार्ड डिस्ककडे वळतो. त्रुटीचा संदेशसुद्धा येत नाही. तिथे ७०० एमबीच्या आत बसणारी इमेजच (पूर्ण डिस्कची एका फाइलमधली प्रत) हवी. डेबियन १२ या लिनक्सची नेटइन्स्ट (बाकीचं नेटवरून घेणारी) इमेज त्या मापात बसते, सर्व्हर २००८ आर२ ची बसत नाही.

दुसरं, सर्व्हरला ड्राइव्ह दिसते का? डेलवर एफ २ दाबून बायोसमध्ये, एचपीवर एफ ९ दाबून आरबीएसयूमध्ये (एचपीच्या सेटिंगच्या मेन्यूत) जा. डेलच्या साटा जोडणीची ड्राइव्ह असलेल्या मॉडेलमध्ये एम्बेडेड साटा 'ऑफ' असेल तर ऑप्टिकल ड्राइव्हच नाहीशी होते, कारण हार्ड डिस्क रेड कार्डावर असतात आणि त्या साटा पोर्टवर ही एकटीच लटकलेली असते. कधीतरी कोणी 'वापरात नाही' म्हणून ते बंद केलेलं असतं. बूट क्रम कायमचा बदलण्यापेक्षा एफ ११ चा एकवेळचा बूट मेन्यू वापरा, नंतर विसरायला काही उरत नाही.

सर्व्हर उघडलाच आहे तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदलून टाका. सेल मेलेला असला की वीज गेल्यावर बायोसच्या सेटिंगही जातात, बूट क्रम मूळपदावर येतो आणि तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मागे गेलेली तारीख पुढे वेगळाच त्रास देते: नेटवरून पॅकेज घेणारा डेबियनचा इन्स्टॉलर सह्या तपासतो आणि 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' म्हणून थांबतो. माणूस डिस्क तपासत बसतो आणि चूक घड्याळात असते.

तिसरं, डिस्क नीट राइट झाली आहे का. डिस्क दुसऱ्या संगणकात उघडा. आत एकच मोठी आयएसओ (इमेजची) फाइल दिसली तर इमेज म्हणून नव्हे, साधी फाइल म्हणून राइट झाली आहे. ती कधीच बूट होणार नाही. राइट करण्याआधी डाउनलोड तपासणं सक्तीचं समजा: विंडोजवर 'सर्टयुटिल' कमांडला 'हॅशफाइल', फाइलचं नाव आणि 'एसएचए२५६' द्यायचं, लिनक्सवर 'एसएचए२५६सम'. त्यातून येणारा लांबलचक आकडा अधिकृत पानावरच्या आकड्याशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे.

डिस्क निवडताना रीराइटेबल टाळा. सीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-आरडब्ल्यू यांचा पृष्ठभाग साध्या डिस्कपेक्षा बराच कमी प्रकाश परत पाठवतो. नवीन ड्राइव्ह ते सांभाळून घेते, पंधरा वर्षं जुन्या लेझरला ते जमत नाही. ८.५ जीबीच्या दुहेरी थराच्या डिस्कचंही तसंच, शक्यतो ४.७ जीबीच्या एकेरी थरावर बसवा. वेग मध्यम ठेवा: डीव्हीडीला ४ किंवा ८ एक्स, सीडीला १६ एक्स. 'जितकं हळू तितकं चांगलं' हा समज चुकीचा आहे. आजच्या कोऱ्या डिस्क अगदी कमी वेगासाठी बनवलेल्याच नसतात आणि तिथे उलट खराब राइट होतात. राइट करताना 'व्हेरिफाय' ची खूण नक्की करा. व्हेरिफाय पास झालं म्हणजे डिस्क त्या संगणकाच्या ड्राइव्हला वाचता येते. सर्व्हरच्या ड्राइव्हला येईलच असं नाही.

ड्राइव्हचा आवाज ऐका

सर्व्हरच्या पंख्यांच्या घरघरीतही कान ट्रेजवळ नेला तर बरंच कळतं. निरोगी ड्राइव्ह डिस्क घेतल्यावर एकदा वेग पकडते आणि एकसुरी घूं करत राहते. थकलेली ड्राइव्ह वेग पकडते, मंदावते, टक् टक् असा लेन्स सरकल्याचा आवाज येतो, मग पुन्हा वेग पकडते. हे चक्र सारखं चालू राहिलं तर ती एकच जागा परत परत वाचायचा प्रयत्न करते आहे. घड्याळही लावा: २४ एक्स ड्राइव्हचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ३.६ एमबी, म्हणजे साडेसहाशे एमबीची सीडी पूर्ण वाचायला चार-सहा मिनिटं पुरायला हवीत. त्याच कामाला वीस मिनिटं लागत असतील तर ड्राइव्ह शेवटच्या घटका मोजते आहे.

लेन्स साफ करायची असेल तर सर्व्हर बंद करून दोन्ही पॉवर केबल काढा, ट्रे बाहेर घ्या. ट्रे अडली असेल तर पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप हळूच दाबा. इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घ्या, ओघळ येईल इतका नको. निळसर लेन्सवर बडचं नुसतं टोक टेकवून अलगद फिरवा. ती लेन्स केसाएवढ्या तारांवर तरंगत असते, दाबली की ड्राइव्ह संपली. पाच मिनिटं वाळू द्या. डिस्क पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल ओरखडा डेटाच्या रेषेच्या दिशेने जातो आणि ड्राइव्हला तो भरून काढता येत नाही.

पावसाळ्यात एक खबरदारी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, विशेषतः खाडीलगतच्या पट्ट्यात, हवा ओलसर असते आणि सर्व्हर रूममध्ये एसी जोरात असतो. अशा गार खोलीतून बॅगेत घालून दमट हवेच्या जागी आणलेली बाहेरची यूएसबी ऑप्टिकल ड्राइव्ह लगेच जोडली तर ती वाचत नाही, पण तासाभराने तीच चालते, हे अनेकांना कोडं वाटतं. कारण उघड आहे. उपकरण गार खोलीत ठेवलेलं असेल आणि दमट जागी आणलं की लेन्सवर दव धरतं. बॅग बंदच ठेवून ड्राइव्ह खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग जोडा. खारट दमट हवेने रिबन केबलचे संपर्कही काळवंडतात, केबल एकदा काढून घट्ट परत लावल्याने हरवलेली ड्राइव्ह परत दिसू लागते.

ड्राइव्ह बदलायचीच ठरली तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाण्याआधी जुनी काढून हातात घ्या. स्लिम ड्राइव्हच्या जाडीची दोन मापं आहेत, १२.७ मिमी आणि ९.५ मिमी. कनेक्टरही दोन तऱ्हांचे: ५० पिनांचा आयडीई, नाहीतर छोटा स्लिम साटा. लॅपटॉपमधून काढलेली आयडीई ड्राइव्ह बसते, पण तिचं मास्टर-स्लेव्ह (एका केबलवरची पहिली की दुसरी) तिच्या फर्मवेअरमध्येच (आतल्या पक्क्या सॉफ्टवेअरमध्येच) ठरलेलं असू शकतं आणि सर्व्हरला ते मानवलं नाही तर ती दिसतच नाही.

रेषेच्या पलीकडे: 'डिस्क सापडत नाही'

विंडोज २००८ आर२ चा तो प्रसिद्ध संदेश: 'अ रिक्वायर्ड सीडी/डीव्हीडी ड्राइव्ह डिव्हाइस ड्रायव्हर इज मिसिंग'. हा वाचून लोक सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर शोधत फिरतात. असा वेगळा ड्रायव्हर बहुतेक वेळा नसतोच. सेटअपला मुख्य इमेज फाइल असलेली डिस्क सापडली नाही, इतकाच त्याचा अर्थ. तिथेच शिफ्ट आणि एफ १० दाबा, काळी खिडकी उघडेल. 'डिस्कपार्ट' द्या, मग 'लिस्ट व्हॉल्यूम'. तीन शक्यता आहेत. डीव्हीडी-रॉमची ओळ नाव आणि आकारासकट दिसली तर ड्राइव्ह वाचते आहे, डिस्कमधलीच एखादी फाइल खराब आहे. ओळ आहे पण 'नो मीडिया' किंवा शून्य आकार असेल तर ड्राइव्हला ही डिस्क पेलत नाही. ओळच नसेल तर कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही.

बाहेरची यूएसबी ड्राइव्ह असेल तर बघा, ती नंतर बसवलेल्या यूएसबी ३ कार्डात तर लावलेली नाही ना. २००८ आर२ च्या डिस्कमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. बोर्डावरच्या मागच्या यूएसबी २ पोर्टात लावा. संदेश आल्यावर कॅन्सल करून पहिल्या स्क्रीनवर परत या, ड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टात लावा आणि 'इन्स्टॉल नाउ' पुन्हा दाबा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीअँपिअरच देतो आणि ड्राइव्हला वेग पकडताना त्याहून जास्त लागू शकतं, म्हणून दोन तोंडांची केबल वापरा.

डेबियनमध्ये सीडी जोडता येत नाही असं आलं तर ऑल्ट आणि एफ २ ने शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर) जा आणि 'डेव्ह' फोल्डरमध्ये 'एसआर०' आहे का बघा. असेल तर ते 'सीडीरॉम' या फोल्डरवर हाताने माउंट करा (जोडा), ऑल्ट आणि एफ १ ने परत या, पुढे चला. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये 'ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट' येऊन शेल उघडतं. तिथे 'बीएलकेआयडी' ने डिस्कचं लेबल वाचा आणि बूट ओळीत (कर्नल सुरू करताना दिलेल्या सूचनांत) लिहिलेल्या लेबलशी ताडून पाहा. आयएसओतल्या फाइल उचलून नव्याने डिस्क बनवली असेल तर लेबल बदलतं आणि इन्स्टॉलर जुन्याच नावाची डिस्क शोधत बसतो. मूळ आयएसओ जशीच्या तशी राइट करा, प्रश्न मिटतो. जुन्या आयडीई ड्राइव्हवर वाचन मधेच गोठत असेल तर बूट ओळीत 'लिबएटीए डॉट डीएमए' ला १ द्या. हार्ड डिस्कचा डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता थेट मेमरीत डेटा नेणं) चालू राहतो, ऑप्टिकलचा बंद होतो. वेग पडतो, पण काम पूर्ण होतं.

दर वेळी वेगळी फाइल अडते की तीच?

फाइल कॉपी होताना 'शून्य एक्स ८००७०५७०' (फाइल खराब) किंवा 'शून्य एक्स ८००७०४५डी' (वाचन-लेखनाची त्रुटी) येते. कोडवरून निष्कर्ष काढू नका, तीनदा चालवून बघा आणि किती टक्क्यांवर थांबलं ते कागदावर लिहा. दर वेळी ४१ टक्क्यांवरच थांबत असेल तर डिस्कवर त्या जागी ओरखडा आहे. एकदा १८, एकदा ६३, एकदा ७ असं असेल तर डिस्कला दोष देऊ नका: रॅम किंवा केबल. कारण डिस्कवरचा डेटा रॅममधूनच उलगडून हार्ड डिस्कवर जातो, रॅमचा एक बिट चुकला तरी फाइल खराब ठरते. रॅम तपासणारं मेमटेस्ट ८६ प्लस रात्रभर चालवा. वेळ नसेल तर बोर्डाच्या नियमाप्रमाणे कमीत कमी रॅम ठेवून इन्स्टॉल करा, बाकीच्या पट्ट्या नंतर एकेक जोडीने लावा.

डिस्क ठीक, पण हार्ड डिस्कच दिसत नाही

रेड कार्डावर लॉजिकल डिस्क (अनेक हार्ड डिस्क मिळून ओएसला दिसणारी एक डिस्क) बनवलेली नसेल तर कुठलाही इन्स्टॉलर रिकामाच दिसणार. ती बनवायला सर्व्हर सुरू होताना डेलच्या पर्क रेड कार्डासाठी कंट्रोल आणि आर, एचपीच्या स्मार्ट ॲरे कार्डासाठी एफ ८ दाबा. जुना डेटा हवा असेल तर इथे काहीही नव्याने बनवायच्या आधी थांबा. पर्क ५ आणि ६ ला २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्क चालत नाहीत. जुना बायोस आणि विंडोज मिळून २.२ टीबीच्या पलीकडच्या व्हॉल्यूमवरून बूट करत नाहीत, म्हणून त्याच डिस्कसंचातून १०० जीबीची वेगळी व्हर्च्युअल डिस्क ओएसला काढा आणि उरलेली डेटाला ठेवा.

सर्व्हर २००३ इथे सगळ्यांत हट्टी. त्याला रेडचा ड्रायव्हर एफ ६ दाबून फक्त फ्लॉपीवरून लागतो, नाही दिला तर हार्ड डिस्क सापडली नाही म्हणून सेटअप थांबतो, किंवा '७बी' ची निळी स्क्रीन येते. फ्लॉपीमागे धावू नका: एचपीची स्मार्टस्टार्ट किंवा डेलची स्वतःची इन्स्टॉल सीडी आधी बूट करा, ती ड्रायव्हर आत घालून मग विंडोजची सीडी मागते. २००८ पासून पेन ड्राइव्हवरून ड्रायव्हर देता येतो.

लिनक्समध्ये उलट अडचण आहे, नवं ओएस जुनं कार्ड सोडून देतं. रेड हॅट ८ मधून पर्क ५, पर्क ६ सारख्या जुन्या कार्डांचा आधार काढला आहे. इन्स्टॉलर डिस्कवरून छान सुरू होतो आणि हार्ड डिस्कच्या यादीत काहीच नसतं. ईएलरेपो या ड्रायव्हरच्या साठ्यातली ड्रायव्हर डिस्क बूट ओळीत 'इन्स्ट डॉट डीडी' ने द्या, किंवा रेड हॅटसारखंच अल्मालिनक्स ८.१० घ्या, त्यांनी असा बराच आधार परत आणला आहे. रेड हॅट ९ ला एक्स ८६-६४-व्ही २ दर्जाचा प्रोसेसर लागतो. आर७१० मधले झिऑन ५५०० आणि ५६०० त्यात बसतात, २९५० मधले झिऑन ५४०० बसत नाहीत. तिथे ग्लिबसीची (लिनक्सच्या मूळ लायब्ररीची) त्रुटी येऊन सगळं थांबतं आणि कितीही डिस्क बदलल्या तरी थांबणारच. २९५० साठी आमची पसंती डेबियन १२. ब्रॉडकॉम नेटवर्क कार्डाचं फर्मवेअरही १२ पासून इन्स्टॉल डिस्कमध्येच येतं, आधी ते वेगळं द्यावं लागायचं.

ऑप्टिकल सोडून द्यायचं तर

एचपीच्या आयएलओ २ किंवा डेलच्या आयड्रॅक ६ या सर्व्हर दूरवरून चालवण्याच्या सोयींमधून आयएसओ नेटवर्कवरून जोडता येते, पण एचपीला ॲडव्हान्स्ड परवाना आणि डेलला एंटरप्राइझ कार्ड लागतं. त्यांचं जुनं एन्क्रिप्शन आजचे ब्राउझर नाकारतात, म्हणून जुना ब्राउझर आणि जुना जावा असलेला एक लॅपटॉप राखून ठेवा. आयओडीडीसारखं यूएसबी केस आतली आयएसओ फाइल सर्व्हरला डीव्हीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतं. वर्षाला चार-पाच जुने सर्व्हर हाताळत असाल तर तेच घ्या.

सर्व्हर २००३ ला १४ जुलै २०१५ पासून आणि २००८ आर२ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा दुरुस्त्यांचा नेहमीचा आधार नाही. इन्स्टॉल चालू असताना नेटवर्क केबल काढलेलीच ठेवा. नंतरही फक्त त्या मशीनच्या वेगळ्या स्विचवर जोडा, इंटरनेटच्या राउटरला नको. आणि पहिल्या रीस्टार्टला 'प्रेस एनी की' आलं की काही दाबू नका. लिनक्सची डिस्क तर तेव्हाच बाहेर काढा, नाहीतर इन्स्टॉलर पुन्हा पहिल्या स्क्रीनपासून सुरू होतो.